घरी सत्यनारायण: मांडणीपासून उत्तरपूजेपर्यंत

आमच्या आजीचा पूजेबाबत एकच नियम होता. पूजेला बसलेल्या माणसाला मध्येच उठावं लागलं, तर चूक बसणाऱ्याची नाही, तयारी करणाऱ्याची. स्वतःच्या घरात पहिल्यांदा सत्यनारायण घातला तेव्हा हा नियम मला नीट कळला. धूप ओवाळायची वेळ आली आणि काडेपेटी गॅसजवळ. काडेपेटी आणली तर निरांजनात फुलवातच नाही. फुलवात सापडली तोवर नैवेद्याला लागणारं तुळशीपत्र कोणीतरी हारासोबत फ्रिजमध्ये ठेवून दिलेलं. गुरुजी शांतपणे 'असू दे, सावकाश' म्हणत राहिले. मंत्र सगळे म्हणून झाले, पण त्या पूजेतलं मला आज काय आठवतं, तर स्वयंपाकघराच्या वाऱ्या.

त्यानंतर घरात बऱ्याच पूजा झाल्या. एक गोष्ट पक्की लक्षात आली: मंत्रांची काळजी घ्यायला गुरुजी असतात, ताटांची काळजी आपल्यालाच घ्यावी लागते. म्हणून या लेखात मंत्र कमी आहेत आणि ताटं जास्त.

दिवस आणि वेळ

सत्यनारायणाला मुहूर्त लागत नाही. पोथीतच 'यस्मिन् कस्मिन् दिने' असं स्पष्ट म्हटलं आहे: कोणत्याही दिवशी, श्रद्धेनं, निशामुखे म्हणजे दिवेलागणीच्या वेळी. पौर्णिमा, एकादशी, संक्रांत हे दिवस लोक आवर्जून निवडतात. श्रावणात, नव्या घरात राहायला गेल्यावर आणि लग्नानंतर नवीन जोडप्याची पूजा तर ठरलेलीच. आता सोयीसाठी सकाळी पूजा करणारी घरंही पुष्कळ आहेत. मला स्वतःला संध्याकाळ बरी वाटते. दिवसभरात स्वयंपाक आणि मांडणी निवांत होते आणि ऑफिसातून सुटलेली माणसं कथेला पोहोचतात.

मुहूर्ताचं बंधन नाही याचा आणखी एक फायदा आहे. घरात सुतक आलं, कोणी आजारी पडलं, तर दिवस सरळ पुढे ढकला. ओढून ताणून उरकण्याची ही पूजा नाही.

कथेसकट पूजेला दोन ते अडीच तास धरा. श्रावणात गुरुजींना एका दिवसात तीन-चार घरं असतात, त्यामुळे वेळ ठरवतानाच तीन गोष्टी विचारून घ्या. शाळिग्राम, शंख आणि पोथी ते आणणार की तुमच्याकडची वापरायची? कथा संस्कृत वाचणार की मराठीत सांगणार? आणि दक्षिणा किती? तिसरा प्रश्न विचारायला लोक लाजतात आणि मग आरती चालू असताना कोपऱ्यात कुजबुज सुरू होते. आधी विचारा आणि रक्कम पाकिटात घालून विड्याच्या ताटातच ठेवून द्या.

गुरुजी मिळत नसतील तर स्वतः पोथी समोर ठेवून पूजा करता येते. वैदिक मंत्र येत नसले तर प्रत्येक उपचाराला, म्हणजे देवाच्या प्रत्येक सेवेला, 'श्रीसत्यनारायणाय नमः' हा नाममंत्र म्हणावा, तेवढ्यानं पूजा पूर्ण होते. पूजा सांगणाऱ्या स्त्रियाही आता अनेक शहरांत आहेत. पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीत स्त्री-पुरुष दोघांनाही, जातीची अट न ठेवता, पौरोहित्य शिकवलं जातं.

पूजेला कोणी बसायचं

बहुतेक घरांत नवरा-बायको बसतात, बायको नवऱ्याच्या उजव्या हाताला. नवरा उपचार वाहतो तेव्हा ती त्याच्या उजव्या हाताला हात लावते. पण एकट्या माणसाला, एकट्या बाईला किंवा अविवाहित मुलामुलींना बसता येत नाही, हे मात्र कथेत कुठंच नाही. उलट कथेतला साधुवाणी हा व्यापारी परदेशी तुरुंगात असताना त्याची बायको लीलावती आणि मुलगी कलावती या दोघीच हे व्रत करतात, आणि लाकडं विकून पोट भरणारा मोळीविक्याही करतो. कोणी 'जोडीनंच बसावं लागतं' म्हणालं तर त्यांना तिसरा अध्याय वाचायला द्या.

पूजेला बसणाऱ्यानं प्रसाद घेईपर्यंत उपास करायची पद्धत आहे. घरातल्या मधुमेही किंवा वयस्कर माणसांवर ही सक्ती करू नका. संध्याकाळी सात वाजेपर्यंत रिकाम्या पोटी बसून संकल्पात चक्कर आलेले काका मी पाहिलेत.

सामान: मोजून आणा, यादी पाठ करू नका

दुकानात 'सत्यनारायणाचं सामान द्या' म्हटलं की एक तयार पुडा मिळतो. त्यात निम्म्या गोष्टी कमी आणि निम्म्या जास्त असतात. कुठली वस्तू कुठं लागते हे माहीत असलं की यादीची गरज उरत नाही.

सुपाऱ्यांचंच पाहा. गणपतीची १, कलशातली १, नवग्रहांच्या ९, अष्टदिक्पालांच्या ८, विड्यांच्या ५. झाल्या २४. एखादी घरंगळून सोफ्याखाली जातेच, म्हणून ३० आणा. एका विड्याला दोन पानं, म्हणजे पाच विड्यांना १०. शिवाय गणपतीच्या सुपारीखाली, गुरुजींना दक्षिणेसोबत, घरच्या देवांपुढे आणि वडीलधाऱ्यांना. तर पानं २५. प्रत्येक विड्यावर सुपारीसोबत खारीक, बदाम, हळकुंड आणि एक नाणं. नाणी आदल्या दिवशीच सुटी करून ठेवा, हल्ली घरात नाणं सापडणं हाच मोठा उपचार झाला आहे.

नारळ किमान दोन. कापसाची वस्त्रं, जानवी दोन, हळद-कुंकू, अष्टगंध, अबीर-बुक्का, अत्तर, उदबत्ती, धूप, कापूर, फुलवाती, समईच्या वाती, तेल आणि तूप. पाच फळं, आणि केळ्यांची फणी वेगळी. सुटी फुलं, एक मोठा हार, एक लहान हार, दूर्वा, आंब्याचे डहाळे आणि केळीचे चार खांब. मूठभर अक्षता आदल्या दिवशीच कुंकू लावून वाळवून ठेवा. ओल्या अक्षता हाताला चिकटतात आणि देवाऐवजी यजमानाच्या सदऱ्यावर पडतात.

तुळशीबद्दल वेगळं सांगायला हवं. सत्यनारायण हे विष्णूचंच रूप, त्यामुळे पूजेचा मोठा भाग तुळशीचा. विष्णूची हजार नावं घेऊन तुळस वाहायची असेल तर पिशवीभर पानं लागतात. १०८ नावांची घेतली तर एक मोठा वाडगा पुरतो. संध्याकाळी आणि द्वादशीला तुळस तोडत नाहीत. म्हणून एकादशीच्या दुसऱ्या दिवशी पूजा असेल तर तुळस आदल्या दिवशी, एरवी पूजेच्याच दिवशी सकाळी काढून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. ओल्या फडक्यातच ठेवा, हारासोबत फ्रिजमध्ये नको.

शिरा

प्रसादाची कृती पोथीतच आली आहे: केळं, तूप, दूध, गव्हाचं पीठ किंवा रवा, ते नसेल तर तांदळाचं पीठ, आणि साखर किंवा गूळ, सगळं सव्वाच्या मापानं. सव्वा वाटी, सव्वा पाव किंवा सव्वा किलो. सव्वा पाव म्हणजे साधारण ३१२ ग्रॅम.

अडचण येते ती दुधाची. रवा, तूप, साखर समसमान चालतात, पण सव्वा वाटी दुधात सव्वा वाटी रवा फुलत नाही, कोरडा राहतो. आमच्याकडे त्यावर जुना तोडगा आहे: दूध सव्वाच्या दुप्पट, म्हणजे अडीच वाट्या. सव्वाचा हिशेबही सुटत नाही आणि शिराही मऊ होतो.

जाड बुडाच्या कढईत सगळं तूप घ्या, मंद आचेवर रवा भाजा. घाई केली तर वरून तांबूस आणि आतून कच्चा राहतो. वास सुटला आणि तूप कडेला दिसायला लागलं की पिकलेल्या केळ्याच्या चकत्या घालून दोन मिनिटं परता. सालीवर काळे ठिपके आलेलं केळं घ्या, हिरवट नको. मग उकळतं दूध बेतानं ओता. रवा उसळतो, हात सांभाळा. झाकण ठेवून वाफ काढा आणि साखर सगळ्यात शेवटी. साखर आधी पडली तर रवा फुलायचं थांबतो. वेलदोडा, बेदाणे, काजू ऐच्छिक. नैवेद्याआधी चव बघायची नसते, म्हणून मोजमापाला इतकं महत्त्व आहे. शिरा मांडणी सुरू करायच्या आधीच करून, झाकून ठेवा.

मांडणी

इथं वेळ द्या. मांडणी नीट झाली की अर्धी पूजा झाली.

जागा अशी निवडा की यजमानाचं तोंड पूर्वेला किंवा उत्तरेला येईल आणि मागे वीस माणसं बसू शकतील. फ्लॅटमध्ये या दोन गोष्टी एकत्र जमत नाहीत. अशा वेळी मी माणसांच्या बाजूनं कौल देतो, गुरुजीही सहसा हरकत घेत नाहीत. केर काढून, फरशी पुसून आधी छोटी रांगोळी, तिच्यावर चौरंग. केळीचे खांब चौरंगाच्या चार पायांना सुतळीनं बांधायचे. दोन ठिकाणी बांधा, एक गाठ खाली आणि एक वर, नाहीतर आरतीच्या वेळी एक खांब हमखास देवावर झुकतो. वरून आंब्याचे डहाळे. चौरंगावर कोरं वस्त्र.

मधोमध तांदळाची किंवा गव्हाची रास, तिच्यावर तांब्याचा कलश. कलशात पाणी, आणि त्यात गंध, अक्षता, फूल, दूर्वा, सुपारी, नाणं. तोंडाला आंब्याची पाच पानं, देठ आत. कलशावर तांदूळ भरलेलं ताम्हन, हेच पूर्णपात्र. त्यात बाळकृष्ण किंवा शाळिग्राम विराजमान होतो.

पहिल्या वेळेला सगळ्यांचं घोडं अडतं ते इथंच: ताम्हन डुगडुगतं. उपाय साधा आहे. रुंद तोंडाचा कलश आणि सपाट बुडाचं ताम्हन घ्या. आंब्याची पानं बाहेरच्या बाजूला वाकवून काठावर बसवा, उभी ठेवू नका. तांदूळ ताम्हनात काठोकाठ भरू नका. आणि रिकाम्या मांडणीवर आदल्या रात्री एकदा करून बघा.

नवग्रह आणि दिक्पालांच्या सुपाऱ्या तांदळाच्या छोट्या ढिगल्यांवर मांडतात. त्या पूर्णपात्रात मांडायच्या की चौरंगावर कलशाभोवती, याच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत. तांदूळ आणि सुपाऱ्या तयार ठेवा, जागा गुरुजी दाखवतील. गणपतीची सुपारी चौरंगावर पुढच्या बाजूला, विड्याच्या पानावर तांदूळ घालून. पाच विडे समोर ओळीत, पानांचे देठ देवाकडे. नारळाची शेंडीही देवाकडे. दोन्ही बाजूंना समया. आता पंखा लावून बघा. ज्योत विझत असेल तर निरांजनाला काचेची चिमणी मिळते ती आणा, पंखा बंद करून वीस माणसांना उकडत ठेवू नका. समई आणि साडीचा पदर यांच्यात दोन हातांचं अंतर असलेलं बरं.

हाताशी काय, कुठे

यजमानाच्या उजव्या हाताला पाण्याचा मोठा तांब्या, पळी-पंचपात्र आणि समोर पाणी सोडायचं ताम्हन. अभिषेकासाठी वेगळं ताम्हन. ही दोन ताम्हनं एकमेकांत मिसळू देऊ नका, कारण अभिषेकाचं पाणी तीर्थ म्हणून प्यायचं आहे आणि दुसऱ्यात सगळ्यांचे हात धुतलेले आहेत. डाव्या हाताला घंटा, कारण उजव्या हातानं ओवाळायचं असतं. हात पुसायला एक पंचा, मांडीवर.

मग तीन तबकं. एकात हळद-कुंकू, गंध, अक्षता, बुक्का, अत्तर, वस्त्रं, जानवी. दुसऱ्यात फुलं, हार, दूर्वा, तुळस. तिसऱ्यात धूप, उदबत्ती, निरांजन, कापूर, आणि काडेपेटी. काडेपेटी दोन ठेवा. पंचामृताच्या पाच वाट्या ओळीनं आणि त्याच क्रमानं: दूध, दही, तूप, मध, साखर. थंडीच्या दिवसांत तूप थिजतं, ती वाटी समईजवळ सरकवून ठेवा.

शेवटची तयारी माणसाची. घरातल्या एकाला, शक्यतो पूजेची बऱ्यापैकी माहिती असलेल्या भाचीला किंवा पुतण्याला, यजमानाच्या शेजारी बसवा. त्याचं काम एकच: पुढं काय लागणार ते आधी हातात देणं. दार उघडणं, फोन घेणं, चहाचं बघणं, हे सगळं दुसऱ्या माणसाकडे.

पूजा सुरू होते

आधी घरच्या देवांपुढे विडा-नारळ ठेवून नमस्कार, मग घरातल्या थोरांना. कपाळाला कुंकू लावून आसनावर बसा.

*आचमन.* केशव, नारायण, माधव या तीन नावांनी तळहातावर पळीभर पाणी घेऊन प्यायचं, आणि गोविंद म्हणताना ताम्हनात सोडायचं. पाणी पिताना ते अंगठ्याच्या मुळाकडून घ्यावं, त्याला ब्रह्मतीर्थ म्हणतात. देवाला पाणी सोडताना बोटांच्या टोकांवरून सोडावं, ते देवतीर्थ. अंगठा आणि तर्जनी यांच्या मधून पाणी गेलं की ते पितरांना दिलेलं पाणी. म्हणून गुरुजी 'बोटांवरून सोडा' असं पुन्हा पुन्हा सांगतात. ही एवढी एक गोष्ट आधी आरशासमोर करून पाहिलीत तरी अर्धा गोंधळ कमी होईल.

*संकल्प.* हातात पाणी, अक्षता, फूल घेऊन आपण कोण, कुठं बसलोय, कधी आणि कशासाठी, हे सांगायचं. पत्ता फार मोठा असतो, जंबुद्वीपापासून सुरू होतो. महाराष्ट्रात त्यात 'गोदावर्याः दक्षिणे तीरे' किंवा 'उत्तरे तीरे' येतं. पुण्याचा माणूस दक्षिण तीरावरचा, नागपूरचा उत्तर तीरावरचा. मग शालिवाहन शक आणि संवत्सराचं नाव. स्वतः करत असाल तर हिशेब सोपा आहे: गुढीपाडव्यापासून डिसेंबरअखेर इसवी सनातून ७८ वजा करायचे, जानेवारीपासून पाडव्यापर्यंत ७९. म्हणजे २०२५ च्या दिवाळीला शके १९४७, विश्वावसु संवत्सर. तिथी, वार, नक्षत्र पंचांगात असतंच. आपलं गोत्र आधी विचारून कागदावर लिहून ठेवा. माहीत नसेल तर काश्यप म्हणायची रीत आहे.

मला हा भाग पूजेतला सर्वांत आवडता. कोटी वर्षांच्या कालगणनेतून आणि खंड, देश, नदी यांच्या भूगोलातून खाली उतरत उतरत शेवटी आपण आपल्या हॉलमधल्या आसनावर येऊन थांबतो. 'म्हणा तुमचं नाव' असं गुरुजी म्हणतात तेव्हा लक्ष द्या, नाहीतर तेही निघून जातं.

*गणपती आणि बाकीचे.* सुपारीवर गणपतीचं आवाहन करून छोटी पूजा, दूर्वा, गूळ-खोबऱ्याचा नैवेद्य. मग कलश, शंख, घंटा, दीप यांची पूजा. ज्या वस्तू पुढे वापरायच्या त्यांना आधी गंध-फूल. मग वरुण, नवग्रह, दिक्पाल. हे झपाट्यानं होतं, तुमच्या हाताला फक्त अक्षता लागतात.

सोळा उपचार

आता मुख्य पूजा. षोडशोपचार हा शब्द जड वाटतो, पण घरी आलेल्या मोठ्या माणसाचं आपण जे करू, तेच ओळीनं आहे. या म्हणायचं: आवाहन. बसायला द्यायचं: आसन. पाय धुवायला पाणी: पाद्य. हातावर पाणी: अर्घ्य. चूळ भरायला: आचमन. लांबून आलेत तर आंघोळ: स्नान. मग कोरे कपडे, जानवं, गंध, फुलं. खोलीत सुवास, दिवा. मग जेवण. आणि मग भोवती फिरून, वाकून नमस्कार, ओंजळभर फुलं. हा क्रम डोक्यात बसला की 'आता काय?' असा प्रश्न पडत नाही. पाहुण्याला जेवण वाढून मग आंघोळीला कोण पाठवतं?

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या पुरुषसूक्ताच्या १६ ऋचा एकेका उपचाराला म्हणतात, म्हणून गुरुजींच्या सुरात एक ठरलेला ताल येतो.

स्नानाला मूर्ती पूर्णपात्रातून उचलून अभिषेकाच्या ताम्हनात ठेवतात. पाचही वाट्यांतलं एकेक, आणि प्रत्येकानंतर शुद्ध पाणी. मग गंध, फूल, धूप, दीप आणि उरलेल्या पंचामृताचा नैवेद्य. ही पूर्वपूजा. ते निर्माल्य काढून मग अभिषेक, संततधार. तांब्या जड असतो, दोघांनी आळीपाळीनं धरा, मुलांनाही धरू द्या. मूर्ती पुसून पुन्हा कलशावर. इथं ताम्हन डुगडुगलं नाही तर आदल्या रात्रीचा सराव कामी आला म्हणायचं.

गंध अनामिकेनं लावायचं, फूल वाहताना देठ देवाकडे. नामावळी सुरू झाली की प्रत्येक नावाला एक तुळशीपत्र. १०८ नावं घरातल्या सगळ्यांनी मिळून वाहिली तर छान. लहान मुलं पाच नावांनंतर मूठभर वाहून मोकळी होतात, होऊ द्या.

नैवेद्याला देवापुढे पाण्यानं चौकोन काढून त्यावर शिऱ्याचं ताट, वर तुळशीपत्र. डोळे मिटून 'प्राणाय स्वाहा, अपानाय स्वाहा...' म्हणत देवाकडे हात न्यायचा. मध्ये पाणी, शेवटी हात-तोंड धुवायला पाणी, हाताला चंदन, मग विडा आणि दक्षिणा. इथंही पाहुणचारच.

कथा

पोथीत प्रत्येक अध्यायाच्या शेवटी स्कंदपुराण, रेवाखंड असा उल्लेख येतो. अध्याय पाच. पहिल्यात नारद विष्णूला विचारतो आणि व्रताचा विधी कळतो. दुसऱ्यात काशीतला गरीब ब्राह्मण आणि मोळीविक्या. तिसऱ्यात उल्कामुख राजा, आणि मग साधुवाणी: मूल झालं की व्रत करीन म्हणतो, मुलगी झाल्यावर तिच्या लग्नात करीन म्हणतो, लग्न होतं आणि विसरतो. चौथ्यात होडीत काय आहे असं दंडी संन्याशानं विचारल्यावर 'वेली आणि पानं' असं खोटं सांगतो आणि होडीत खरंच वेली-पानं दिसतात. याच अध्यायात कलावती नवरा आल्याचं ऐकून प्रसाद न घेताच धावते. पाचव्यात तुंगध्वज राजा, गवळ्यांनी दिलेला प्रसाद उच्चपणाच्या गर्वानं तसाच टाकून जातो.

ही कथा 'प्रसाद नाकारला की देव शिक्षा करतो' अशी सांगतात. मला ती दिलेल्या शब्दाची आणि पंक्तीची कथा वाटते. वाण्यानं बोललेलं मोडलं, राजानं गवळ्यांच्या पंक्तीला बसणं टाळलं. गुरुजी संस्कृत वाचणार असतील तर प्रत्येक अध्यायानंतर घरातल्या कोणीतरी दोन मिनिटांत मराठीत सांगावं. आमच्याकडे आठवीतल्या पुतणीनं साधुवाण्याला 'उद्या करतो म्हणणारा' म्हटलं तेव्हा मागच्या रांगेतले मोबाइल खाली गेले. अध्याय संपला की फूल-तुळस वाहून पुढचा.

आरती, तीर्थ, प्रसाद

आरतीआधी तबकातल्या फुलवातींत तूप घातलंय का बघा. आधी गणपतीची आरती, मग सत्यनारायणाची, मग घराला येतात तेवढ्या. कापूर शेवटी. सगळ्यांच्या हातात मंत्रपुष्पाची फुलं आधीच वाटून ठेवा. प्रदक्षिणेला चौरंगाभोवती जागा नसेल तर स्वतःभोवती फिरायचं.

तीर्थ उजव्या तळहातावर, खाली डावा हात. त्या पाण्यात दूध-दही आहे, उन्हाळ्यात अभिषेकानंतर लगेच एका भांड्यात काढून झाकून ठेवा. कोणी पूजेची पद्धत न जाणणारं पाहुणं आलं असेल, तर त्यांना एवढंच सांगा: चप्पल बाहेर, बसा कुठंही, हात पुढं करा. बाकी काही करायची गरज नाही.

हळदी-कुंकू द्यायला कोणी तबक घेऊन उठलं की आलेल्या सगळ्या बायकांना द्यायला सांगा, नवरा आहे की गेला हे न बघता. गवळ्यांच्या पंक्तीची कथा ऐकून पाच मिनिटंही झालेली नसतात.

प्रसादाचे द्रोण आधी भरून ठेवा. वॉचमन, घरकामाच्या ताई, खालच्या मजल्यावरचे येऊ न शकलेले आजोबा, यांचे द्रोण बाजूला काढूनच मग वाटप सुरू करा. शेवटी उरलं तर देऊ म्हटलं की शिरा कधीच उरत नाही.

उत्तरपूजा

देवाला निरोप देण्याची ही पूजा काही घरांत त्याच रात्री, काहींत दुसऱ्या दिवशी सकाळी. सकाळी बरी, रात्रभर घरात समईचा उजेड राहतो. झोपताना मात्र ज्योत मोठी ठेवू नका आणि पडदे बांधून ठेवा. सकाळी गंध, फूल, दूध-साखरेचा नैवेद्य, छोटी आरती. अक्षता वाहून 'पुनरागमनाय च' म्हणायचं आणि कलश जागेवरून जरा हलवायचा. बाळकृष्ण परत देव्हाऱ्यात.

कलशातलं पाणी आंब्याच्या पानानं घरभर शिंपडा, उरलेलं कुंडीत. तांदूळ त्याच दिवशी भाताला घ्या, सुपारी-नाणी काढली आहेत ना, एवढं दोनदा बघून. कुकरच्या शिट्टीत सुपारीचा आवाज आम्ही ऐकलाय. नारळ फोडून वड्या करा. फुलं, तुळस, पानं नदीत नकोत, बागेच्या मातीत किंवा खतात जाऊ द्या. केळीचे खांब सोसायटीच्या झाडांखाली बारीक कापून टाकले की महिन्याभरात कुजतात. सुतळी तेवढी आधी सोडून घ्या.